उपाशीपोटी ठेवून

जोननं ते पत्र माझ्यापुढं सरकवलं आणि मी वाचायला लागले तसा माझा कॉफीचा कप उचलून खिडकीत नेऊन ठेवला. एरवी तिच्या टेबलावर कप कागदांवरच असायचे. काहीतरी बिघडलंय हे मी तेवढ्यावरून ओळखलं.

"जबाबातल्या अकराव्या परिच्छेदाबद्दल लिहिलंय बघ," ती म्हणाली. "हे मोहिनी स्वतः म्हणाली होती का?"

पत्र इंग्लंडच्या इमिग्रेशन खात्याचं होतं. भाषा एकदम सभ्य. मोहिनी भारंबे यांनी आपल्या जबाबात म्हटलं आहे की पतीने त्यांना वारंवार उपाशी ठेवले. तथापि त्यांनीच जोडलेल्या डॉक्टरांच्या नोंदींनुसार चौदा महिन्यांत त्यांचं वजन बावन्न किलोंवरून सहासष्ट किलोंवर गेलं आहे. याचा खुलासा दहा दिवसांत करावा, अन्यथा अर्जदाराचं एकूण म्हणणंच विश्वासार्ह नाही असं धरून निर्णय दिला जाईल.

मी वकील आहे. अंबाजोगाईच्या कोर्टात दहा वर्षं घासून तयार झालेली. प्रश्न कुठल्या रोखानं येतोय ते मला साक्षीदाराच्या आधी कळतं. त्यामुळं मी वकिलाचंच उत्तर दिलं.

"टिपणं बघून सांगते."

"बघ की. मी थांबते."

"वही खोलीवर राहिली."

वही माझ्या पायाशी पिशवीत होती. जोननं पिशवीकडं पाहिलंसुद्धा नाही. ठीक आहे म्हणाली, गुरुवारी मोहिनीलाच बोलावून विचारू म्हणाली, आणि माझा कप परत आणून दिला. कॉफी गार झाली होती. मी ती तशीच प्यायले.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. शहराचं नाव मी सांगणार नाही, उत्तर इंग्लंडात आहे एवढं पुरे. चौतिसाव्या वर्षी मी तिथं एल.एल.एम. करायला गेले होते. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा अख्ख्या बाररूमला नवल वाटलं. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले ते गित्तेसाहेब म्हणाले, "लोमटे, तिकडं शिकून इकडं येऊन तारखाच घ्यायच्या ना?" मी म्हणाले, घेईन, पण इंग्लंडात शिकल्यासारख्या घेईन. तोंड माझं तेव्हाही असंच होतं.

तिथं गेल्यावर ते तोंड बंद झालं. वर्गात सगळी बावीस-तेवीस वर्षांची पोरं. ब्राझीलचा एक, घानाच्या दोघी, चीनचे सहा-सात. मानवी हक्कांच्या तत्त्वज्ञानावर ती फाडफाड बोलायची आणि मी कोपऱ्यात मख्ख बसायचे. माझं इंग्रजी कोर्टाचं. तोंड उघडलं की 'मोस्ट रिस्पेक्टफुली सबमिटेड' बाहेर पडायचं आणि पोरं हसायची. वाईट मनानं नाही, पण हसायची. पहिले दोन महिने मी रोज आईला फोनवर सांगायचे, छान चाललंय. आणि फोन ठेवला की वाटायचं, झक मारली आणि इथं आले.

मग मला विद्यापीठाचं कायदा सल्ला केंद्र सापडलं. ज्यांना वकील करणं झेपत नाही अशी माणसं तिथं यायची. विद्यार्थ्यांनी त्यांचं ऐकायचं, कागद तयार करायचे आणि जोननं ते तपासून पुढं पाठवायचे. जोन तिथली मुख्य वकील, पन्नाशीची, आखूड केसांची, कमी बोलणारी. या कामाला गुण होते, पदवीच्या एकूण गुणांचा चौथा हिस्सा. पण गुणांचं सोडा. तिथं पहिल्यांदा मला जीव आल्यासारखं वाटलं. बाकीच्या पोरांना रडणाऱ्या बाईला पाणी द्यावं हे शिकवावं लागत होतं. मला कोण काय शिकवणार होतं?

डिसेंबरात मोहिनी आली. अठ्ठावीस वर्षांची, जळगावकडची, यावलची. तिचा नवरा पराग तिथं कायमचा स्थायिक झालेला इंजिनिअर आणि ती त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर आलेली. पोटाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात गेली असता नर्सनं तिला एकटीला खोलीत घेतलं आणि घरी सगळं ठीक आहे का म्हणून विचारलं. त्या दिवशी मोहिनी घरी परतलीच नाही. नर्सनंच तिची बायकांच्या आश्रयगृहात सोय केली. आता प्रश्न असा होता की नवरा सोडला की व्हिसाही जातो. तो टिकवायचा एकच मार्ग. लग्न नवऱ्याच्या छळामुळं मोडलं हे पटवून द्यायचं. पटलं तर तिला कायमचं राहता येणार होतं. नाही पटलं तर विमान. आणि यावलला गेली तर बाप तिला चार दिवसांत पुन्हा परागच्या हवाली करणार, हे तिला पक्कं माहीत होतं. "माझे बाबा त्याला देव मानतात," एवढंच ती त्याबद्दल म्हणाली.

म्हणजे सगळी भिस्त तिच्या जबाबावर. जोननं दुभाष्या शोधून पाहिला. पंजाबी, गुजराती, बंगाली हवे तेवढे होते, त्या शहरात मराठीचा मिळेना. शेवटी ती मला म्हणाली, तूच बोल तिच्याशी. मला आभाळ ठेंगणं झालं. तासाभरात मी मुलाखत उरकली, दोन दिवसांत जबाब लिहून काढला, मोहिनीला मराठीत वाचून दाखवला, सही घेतली. जोननं इंग्रजी वाचून मान हलवली. इतका नीट जबाब विद्यार्थ्याच्या हातचा पाहिला नाही म्हणाली. ब्राझीलच्या पोरानं त्याची प्रत नमुना म्हणून मागून घेतली.

आता त्या अकराव्या परिच्छेदाचं सांगते. आमच्याकडं नवऱ्याविरुद्ध बाईचा अर्ज लिहायचा म्हणजे त्यात एक वाक्य असतंच. 'गैरअर्जदाराने अर्जदारास वेळोवेळी शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून व उपाशीपोटी ठेवून तिचा शारीरिक व मानसिक छळ केला.' हे वाक्य गित्तेसाहेबांना त्यांच्या सीनियरनं दिलं आणि त्यांनी मला. कोर्टाबाहेर टाइपिंगला बसणारे मुनीरभाई नुसतं 'छळ टाका' म्हटलं की कागदाकडं न बघता पूर्ण वाक्य बडवायचे. समोरच्या वकिलाचं उत्तरही ठरलेलं, 'सदर मजकूर खोटा व बनावट असून साफ नाकबूल आहे.' जज दोन्ही वाचायचे आणि पोटगीचं बघायचे. यात कुणी खोटं बोलतंय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' छापतात ना, तसं ते. ते वाक्य नसेल तर अर्ज अर्जच वाटायचा नाही.

तेच वाक्य मी चांगल्या इंग्रजीत करून मोहिनीच्या जबाबात अकराव्या नंबरला घातलं होतं. घालताना क्षणभरही थांबले नव्हते.

जोनच्या खोलीतून निघाले ती सरळ ग्रंथालयात गेले आणि वही उघडली. त्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं, 'शिवीगाळ — हो.' खाली 'मारहाण — दोनदा हात पिरगाळला.' त्याखाली 'जेवणावरून त्रास', आणि शेजारी माझी बरोबरची खूण. बस.

मला ती दुपार आठवली. मोहिनी म्हणाली होती, "जेवणावरून फार त्रास व्हायचा, मॅडम," आणि थांबली होती. मी मान वर न करता म्हणाले होते, "द्यायचा नाही ना जेवायला?" ती जरा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला तर सगळं माहीतच असेल." मला वाटलं, बिचारी लाजतेय. मी खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला.

लाथाबुक्क्यांचं तर तिनं नावही काढलं नव्हतं.

मी तिथं तासभर बसले. वही मराठीत आणि माझं अक्षर असं की आईलासुद्धा लागत नाही. त्या इमारतीत, त्या शहरात, ते वाचू शकेल असं कुणी नव्हतं. 'त्रास'च्या पुढं 'उपाशी' हा एक शब्द घालायला किती वेळ लागतो? पेन तेच होतं, निळं, पिशवीत. मी ते काढलंसुद्धा. शब्द घातला नाही, पण त्याचं श्रेय मला देऊ नका. मी असा विचार केला की गुरुवारी मोहिनी 'हो' म्हणाली तर वहीची गरजच पडणार नाही. वजनाचं उत्तरही मी तयार केलं. उपाशी ठेवलेलं माणूस मिळेल तेव्हा अधाशासारखं खातं, त्यानं वजन वाढतं. वाटलं, हे चालून जाईल. दहा वर्षांत याहून पोकळ गोष्टी मी चालवलेल्या होत्या.

गुरुवारी आम्ही तिघी एका लहान खोलीत बसलो. मोहिनी माझ्यासमोर, जोन बाजूला, तिच्या हातात पेन आणि कोरा कागद. जोननं मला आधीच सांगून ठेवलं होतं, तू विचार, आणि ती म्हणेल तेवढंच मला सांग. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तरी ती मोहिनीच्या तोंडाकडं बघून ऐकत होती.

मी मोहिनीला पत्र समजावून सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझं काही चुकलं का, ताई?" डिसेंबरातल्या मॅडमची आता ताई झाली होती.

मी म्हणाले, तसं नाही. आणि मग विचारलं, "तू मला म्हणाली होतीस ना, तो जेवायला द्यायचा नाही म्हणून?"

बघा, तेव्हासुद्धा प्रश्न मी असाच विचारला. उत्तर आत घालून.

मोहिनीनं एकदा जोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं सांगते. हो म्हणायचं असेल तर हो म्हणते. तुमचं शिक्षण चाललंय, तुम्हाला काही व्हायला नको."

"काय म्हणते ती?" जोननं विचारलं.

'तुम्ही म्हणाल तसं, वकीलसाहेब.' दहा वर्षं मी हे ऐकत आले होते आणि दर वेळी मला ते ऐकून बरं वाटायचं. पक्षकार शहाणा आहे, केस नीट चालेल असं वाटायचं. त्या खोलीत मात्र ते ऐकून मला बरं वाटलं नाही. एका माणसाला उठताबसता हेच म्हणावं लागायचं म्हणून ही बाई घर सोडून आली होती, आणि आता समोर बसून ते मला म्हणत होती. मनापासून, माझी काळजी वाटून. मला माझी किळस आली.

मी जोनला म्हणाले, "ती म्हणते, मी सांगेन ते ती सांगेल."

जोननं पेन खाली ठेवलं.

"मोहिनी," मी म्हणाले, "माझं राहू दे. त्या दिवशी तू जेवणावरून त्रास व्हायचा म्हणालीस आणि मी मध्येच बोलले. पुढं काय सांगणार होतीस?"

बाहेर कुणीतरी झेरॉक्स काढत होतं, त्याचा आवाज येत होता.

"उपाशी नाही, ताई," ती म्हणाली. "तो खायला लावायचा."

मग ती बोलायला लागली ती थांबेचना. लग्नानंतर इकडून यावलला पहिला व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिचे वडील सहज म्हणाले होते, पोरगी वाळली की हो जावईबापू. परागला ते लागलं. तेव्हापासून दर शनिवारी कॉलच्या आधी तो तिचं वजन करायचा. आठवडाभर संध्याकाळी ताटात मोजून दहा पोळ्या, वर तूप, भात वेगळा. समोर खुर्ची टाकून बसायचा. ओरडायचा नाही. ताट संपेपर्यंत तिनं उठायचं नाही, एवढंच. ओकारी झाली तर ताट पुन्हा वाढायचा. शनिवारी वजन भरलं नाही तर रविवारी घराबाहेर पडायचं नाही. आणि कॉल लागला की फोन तिच्या तोंडासमोर धरून म्हणायचा, बघा, तुमची लेक कशी भरलीय. आई तिकडून म्हणायची, नशीब काढलंस गं बाई.

"कुणाला सांगणार, ताई?" मोहिनी म्हणाली. "नवरा पोटभर जेवायला घालतो म्हणून तक्रार करू?"

मी विचारलं, "मग मी जबाब वाचून दाखवला तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही इतकं छान लिहिलं होतं." ती ओशाळून हसली. "मला वाटलं, खरा छळ असा असतो. माझा लिहिण्यासारखा नसेल."

मी जोनला सगळं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं न करता. मग तिनं डॉक्टरांच्या नोंदींची फाइल ओढली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. वजन वाढलेलं. ओकाऱ्या. पुन्हा ओकाऱ्या. घशाला जळजळ. कारण सापडत नाही. नर्सनं शेवटी लिहिलेलं होतं, रुग्णाला खाण्याविषयी विचारल्यावर रडू आले.

"हे सगळं तिच्या बाजूचं आहे," जोन म्हणाली. "पहिल्यापासून होतं. मीही नोंदी चाळल्या होत्या, पण वजनाकडं बघितलं नाही."

मग तिनं मला बाहेर जायला सांगितलं. शिक्षा म्हणून नाही, म्हणाली, पण इथून पुढं या बाईच्या कामात तुझा शब्द चालणार नाही. दुसऱ्या दिवसासाठी तिनं लेस्टरचे एक बेडेकर म्हणून निवृत्त गृहस्थ शोधून काढले, फोनवरून दुभाष्याचं काम करणारे. नवा जबाब ते मोहिनीच्या तोंडून घेणार होते.

माझ्यापुढं जोननं दोन रस्ते ठेवले. खुलाशात 'भाषांतरातील चूक' एवढं लिहिता येईल. ते पूर्ण खोटं नव्हतं, पण खात्याला पटण्याची शक्यता कमी. किंवा मी स्वतः सही करून लिहून द्यायचं की ते वाक्य कुठून आलं. तसं दिलं तर ते केंद्राच्या समितीपुढं जाणार. "समिती काय करील ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "दुभाष्याशिवाय तुला बसवलं ही माझी चूक आहे, ती मी लिहिणार आहे. तू लिहावंस असं मी म्हणणार नाही. विचार कर."

विचार मी केला, खोटं कशाला बोलू. वर्ष वाया जाईल. बाररूममध्ये हसतील. आईनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. आणि त्याच वेळी मला दिसत होतं की 'भाषांतरातील चूक' म्हटलं की उद्या तो अधिकारी म्हणणार, एकदा उपाशी म्हणते, एकदा जास्त खायला घातलं म्हणते, ही बाई सोयीनं बोलते. मोहिनीला खोटारडी ठरण्यापासून वाचवणारा एकच कागद होता आणि तो फक्त मीच लिहू शकत होते.

शुक्रवारी त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी तो लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, 'मी खाली सही करणार, वय चौतीस, धंदा वकिली, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की...' फाडलं. दुसऱ्यांदाही हात तिकडंच वळला. दहा वर्षं दुसऱ्यांचं लिहीत आले आणि स्वतःचं एक पान लिहिता येईना. चौथ्या वेळी जमलं. लिहिलं की हे वाक्य मोहिनीचं नाही, माझं आहे. मी ते आजवर प्रत्येक बाईच्या अर्जात लिहीत आले. तिनं सांगायला सुरुवात केली होती, मी तिला पुरं बोलू दिलं नाही. आणि शेवटी लिहिलं, 'जबाबात काय लिहिलं आहे ते सही करताना तिला नीट समजलेलं नव्हतं.'

जोन कागद आत घेऊन गेली. दार पुरतं लागलं नव्हतं. फोनवरून बेडेकरांचा संथ आवाज येत होता, जोन माझं लिहिलेलं वाचत होती आणि ते मोहिनीला मराठीत सांगत होते. मग मोहिनी काहीतरी बोलली. बेडेकर म्हणाले, पुन्हा सांगा. ती पुन्हा बोलली, या वेळी मोठ्यानं.

जोन बाहेर आली. माझ्या शेवटच्या वाक्यावर तिनं पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

"ती म्हणते, हे खोटं आहे. तिला समजलं होतं."

"त्यानं तिचंच नुकसान होईल," मी म्हणाले. "खोटं आहे हे कळून सही केली असा अर्थ निघेल."

"मी तिला तीन वेळा सांगितलं. ती म्हणते, काढा."

मी काढलं. मोहिनीनं तिच्या नव्या जबाबात काय घातलं ते मला जोननं नंतर दाखवलं. 'पहिला जबाब मला वाचून दाखवला तेव्हा हे असं झालेलं नाही हे मला कळत होतं. मी बोलले नाही. नाही म्हणायची मला सवय राहिली नव्हती.' सही करण्याआधी तिनं बेडेकरांना सगळा जबाब दोनदा मराठीत सांगायला लावला आणि सात ठिकाणी दुरुस्त्या केल्या. पोळ्या दहा नव्हे, कधी नऊ, कधी दहा, अशीसुद्धा एक होती.

सहा आठवड्यांनी मंजुरी आली. नकार देताना कारणं लिहितात, मंजुरी देताना लिहीत नाहीत, त्यामुळं कुठलं वाक्य त्यांना पटलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. जोननं मला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं आणि मी तिथंच भिंतीला टेकून रडले. जोन शेजारी उभी राहिली. मोहिनीला मी पुन्हा भेटले नाही. तसा नियमच होता.

समितीत तिघं होते, तिघंही सभ्य. त्यांनी मला केंद्रातून काढलं आणि त्या कामाचे गुण शून्य केले. त्याशिवाय एल.एल.एम. पुरं होत नव्हतं. मला पदविका मिळाली, पदवी नाही. अंबाजोगाईत अजूनही लोक विचारतात, मॅडम, तुम्ही तिकडून एल.एल.एम. झालात ना? मी सांगते, नाही झाले. त्यांना तो माझा विनय वाटतो.

परत आल्यावर पहिल्या महिन्यात मी ऑफिसातलं कपाट उघडून जुन्या फायली काढल्या. एकशे चाळीसच्या वर अर्ज निघाले. मी ते एकेक करून वाचत गेले. गावं वेगळी, नावं वेगळी, आणि सगळ्या बाया उपाशी. एकेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आणून मी आठवायला बसले की ही माझ्यासमोर बसून खरं काय म्हणाली होती. एकीचंही आठवेना.

त्यातली सोजर मुळे गावातच होती. बसस्टँडमागं तिचं शिलाईचं दुकान. तिची पोटगी मी मिळवून दिली होती, त्यातूनच तिनं पहिली मशीन घेतलेली, त्यामुळं मला बघून तिला कोण आनंद झाला. बळंच चहा पाजला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग मी विचारलं, "सोजर, तू पहिल्यांदा माझ्याकडं आलीस तेव्हा मला काय सांगितलं होतंस? नवरा नेमकं काय करायचा?"

तिनं मशीनवरचा पाय थांबवला.

"आता ध्यानात नाही बघा, बाई. सात-आठ वर्षं झाली." मग तिला एकदम आठवल्यासारखं झालं. "उपाशी ठेवायचा की मला."

"खरंच ठेवायचा?"

सोजर माझ्याकडं बघून हसली. "आता हे तुम्ही मला इचारता होय? तुम्हीच तर लिव्हलंय की," ती म्हणाली, आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.